रानडुक्कर आडवं आलं म्हणे

नोकरीत लिहिलेले पंचनामे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुठला गुन्हा कुठल्या ठाण्यातला, हे सांगायला थांबून विचार करावा लागतो. एक सकाळ मात्र तशीच्या तशी लक्षात आहे. त्या सकाळी माझ्या ठाण्यात दोन माणसं दोन वेगळ्या कामांसाठी आली होती. दोघांचं काम खरं तर एकच होतं आणि ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. यात मी कुणाचंच नाव सांगणार नाही. ही माणसं अजून याच जिल्ह्यांत राहतात.

मी तेव्हा धानोऱ्याच्या बाजूला, जंगलालगतच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. उन्हाळा होता. तेंदूपत्त्याचा हंगाम चालू असल्यामुळे गावं पहाटेच रिकामी होत आणि ऊन चढायच्या आत माणसं पुडकी घेऊन परतत. हजेरी आटोपून मी गस्तीचे अहवाल बघत होतो. तेवढ्यात साठीच्या पुढची एक बाई आत आली आणि उभ्या उभ्याच बोलू लागली.

"जय भीम साहेब. माही सून काल सांजपासून घरी नाई आली."

सून आरोग्य उपकेंद्रात नर्स. आदल्या दिवशी ती आतल्या एका गावात लसीकरणाला गेली होती. बाळंतपण अडलं की ती तिकडेच मुक्काम करी आणि त्या गावांत फोनला रेंज नसे, म्हणून रात्री घरात कुणाला काळजी वाटली नाही. सकाळी त्या गावची आशाताई टेकडीवर चढून, रेंज पकडून फोन करते, तर तिचा पहिलाच प्रश्न हा की, ताई काल नीट पोचल्या ना? तेव्हा सासूच्या पायाखालची जमीन सरकली. मुलगा नागपूरला नोकरीला. ती एकटीच मिळेल त्या गाडीत बसून ठाण्यात आली होती.

ठाणे अंमलदारानं नेहमीचा प्रश्न विचारला, घरात काही भांडण झालं होतं का? हा प्रश्न विचारावाच लागतो आणि बहुतेक सासवा त्यावर भडकतात. ही भडकली नाही.

"झालं होतं ना. परवाच झालं. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून मीच बोलली. पण ती भांडून जाणारी नाई साहेब. भांडते, अन मंग मलेच चहा करून देते."

मी मिसिंगची नोंद घ्यायला सांगितली. जांभळा पंजाबी ड्रेस, पिस्ता रंगाची स्कूटी, मागे लसीचा निळा डबा. स्कूटीला दोन्ही बाजूंनी लोखंडी नळीचा गार्ड बसवलेला होता. सुनेनं गाडी घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात ती गाय चुकवताना पडली, तेव्हा हा गार्ड सासूनंच हट्टानं बसवून घेतला होता. वायरलेसवरून शेजारच्या चौक्यांना वर्णन दिलं, दवाखान्यांत चौकशी लावली. कुठंच काही नव्हतं.

अडचण पुढची होती. त्या गावाहून घरी यायला दोन रस्ते. एक मोठा डांबरी, दुसरा जंगलातून जाणारा जवळचा. ती कुठल्या रस्त्यानं निघाली हे आशाताईलाही माहीत नव्हतं. डांबरी रस्त्यावर मी लगेच गाडी पाठवली. पण आतल्या रस्त्याची गोष्ट वेगळी. आमच्या नक्षलग्रस्त भागात कुणी काही सांगितलं म्हणून पोलिसांनी आतल्या रस्त्यावर गाडी पळवायची नसे. आधी पायी पथक दोन्ही कडा तपासत जाई, मग वाहन. हा नियम आमच्या माणसांच्या जिवानं शिकवलेला होता. तो पाळून अख्खा रस्ता शोधायचा तर संध्याकाळ झाली असती. मी पथकाला तयार व्हायला सांगितलं.

त्याच गडबडीत आवारात एक पांढरी कार येऊन थांबली.

गाडीतून दोघं उतरले. एक घुग्घुसच्या बाजूला कोळसा खाणीत शिफ्टवर काम करणारा, चाळिशीतला माणूस. गाडी त्याची. दुसरा त्याचा मेहुणा, आमच्याच गावात हार्डवेअरचं दुकान चालवणारा. बोलत होता तो मेहुणाच. दाजी काल संध्याकाळी छत्तीसगडच्या हद्दीकडून येत होते, गावाच्या अलीकडे डांबरी रस्त्यावर रानडुक्कर आडवं आलं, गाडीला धक्का बसला, इंजिन तापायला लागलं म्हणून मुक्कामाला थांबले. सकाळी विमा कंपनीला फोन केला तर त्यांनी सांगितलं, पोलिसांत नोंद करा, फोटो काढा, सर्व्हेअर येईपर्यंत गाडी दुरुस्त करू नका. तेव्हा साहेब, स्टेशन डायरीत नोंद करून एक प्रत द्यावी.

अशा नोंदी आमच्याकडे नेहमीच्या. डुक्कर, चितळ, नीलगाय, मोकाट गुरं, जंगलातल्या रस्त्यांवर हे चालायचंच. मी सही करून मोकळा झालो असतो तरी कुणी बोट ठेवलं नसतं. पण मला त्या गाडीवाल्याचं वागणं खटकलं. नव्या गाडीला पोचा आला की मालक तिच्याभोवती फिरतो, हात लावतो, हळहळतो, येईल त्याला दाखवतो. हा माणूस गाडीकडे पाठ करून उभा होता. मेहुणा पोचा दाखवत होता आणि हा आमच्या ध्वजस्तंभाकडे बघत होता.

मी गाडीजवळ गेलो. गाडी लखलखीत धुतलेली होती. मेहुणा म्हणाला, दाजींनी उजाडल्याबरोबर स्वतः धुतली. मी म्हटलं, विम्याच्या दाव्यासाठी जशी आहे तशी गाडी दाखवायची असते, मग धुतली कशाला? यावर मेहुण्यानं दाजींकडे पाहिलं.

खात्यात माझी काही वर्षं मोटार परिवहन विभागात गेली होती. ठोकलेल्या सरकारी गाड्या तपासायच्या आणि कुठलं नुकसान खरं, कुठलं जुनं, हे लिहून द्यायचं, असं ते काम. त्यात एक गोष्ट कळली होती की बंपर हा गाडीतला सर्वांत खोटारडा भाग. तो प्लास्टिकचा असतो, दबतो आणि पुन्हा जागेवर येतो. बाहेरून ओरखडा दिसतो आणि आत लोखंड वाकलेलं असतं. म्हणून बाहेरच्या पोच्यावर विसंबू नये. बॉनेट आणि मडगार्डमधली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का बघावं. दिवा आत सरकलाय का, गाडीखाली पाणी ठिबकतंय का, दार लावताना अडतंय का, हे बघावं. या गाडीची डावीकडची फट बोटभर रुंद झाली होती, डावा दिवा आत गेला होता आणि रेडिएटरचं पाणी आमच्या आवारातल्या मातीत टपकत होतं. बंपरवर मात्र एक चीर आणि दोन रेघा, एवढंच.

मी दोन पंच बोलावले. फोटो काढायला लावले आणि आमच्या ड्रायव्हरला बंपर खोलायला सांगितलं. मेहुण्यानं विचारलं, साहेब, सर्व्हेअर यायच्या आधी खोललं तर दाव्याला अडचण नाही का? प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, पंचनाम्यात सगळं येईल, त्याची काळजी करू नका. खरी काळजी कुणाला लागली होती ते त्याच्या दाजींच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बंपरचे स्क्रू निघत होते तसे ते कपाळ पुसत होते.

बंपर उतरला. आतली आडवी लोखंडी पट्टी डाव्या टोकाला वाकलेली होती. जनावराचं अंग धडकलं तर दाब पसरतो, पत्रा बशीसारखा आत जातो, जाळीत केस अडकतात. धुतली तरी आतले केस निघत नाहीत. इथे एक केस नव्हता. पट्टीवर नळीच्या जाडीची एक खोल, गोल खाच पडली होती, वेल्डिंगच्या दुकानात नळीवर ठेवून ठोकावी तशी. आणि खाचेच्या खाली फिकट हिरवट रंग घासला गेला होता. पिस्त्याचा रंग.

ड्रायव्हरला गाडीला हात लावू नकोस म्हटलं, पंचांना तिथेच थांबवलं आणि गाडीवाल्याला माझ्या खोलीत घेऊन गेलो. मेहुणा मागोमाग येऊ लागला. "साहेब, आम्ही तं तक्रार द्याले आलो हाओ," तो म्हणाला. मी त्याला बाहेर बसायला लावलं. त्याला खरंच काही माहीत नव्हतं. घरी आलेल्या दाजींनी डुकराची गोष्ट सांगितली, यानं ती खरी मानली आणि आपुलकीनं त्यांना ओढत ठाण्यात आणलं. दाजींना नाही म्हणायला कारण सापडलं नाही. खोटं असंच असतं. ते एकदा घरात सांगितलं की घरचीच माणसं आपल्याला ते बाहेर सांगायला लावतात.

मी त्यांना पाणी दिलं. डुक्कर कुठल्या बाजूनं आलं, केवढं होतं, ओरडलं का, धडकून कुठे गेलं, असं एकेक विचारलं. उत्तरं तयार होती, पण प्रत्येक उत्तर प्रश्न पुरा होण्याआधीच येई, पाठ केलेल्या कवितेसारखं. मग मी खाचेबद्दल विचारलं. ते म्हणाले, जुना ठोका असेल. मी म्हटलं, जुन्या ठोक्याला गंज येतो, हे लोखंड चकाकतं आहे. आणि डुकराला हिरवा रंग नसतो, भाऊ.

खोलीची खिडकी व्हरांड्यात उघडत होती. बाहेर बाकावर ती सासू आमच्या महिला शिपायाजवळ बसली होती. तिचं बोलणं आत ऐकू येत होतं. सुनेला उन्हाचा त्रास होतो, लसीकरणाला जाताना पाण्याची बाटली मीच भरून देते, पण परतताना ती रिकामीच असते, असं ती सांगत होती.

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. अशा वेळी आवाज चढवणारे अधिकारी मी पाहिले आहेत. आवाज चढला की माणूस स्वतःला वाचवायच्या मागे लागतो. मला त्याला दुसऱ्याकडे बघायला लावायचं होतं.

"ती बाहेर बसली आहे, ती त्या स्कूटीवालीची सासू. मी तुम्हाला कसलंही आश्वासन देणार नाही. गुन्हा दाखल होईल. फक्त एक सांगा, तुम्ही खाली उतरून पाहिलं का?"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग मान हलवली. नाही.

"मग ती गेली, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

ठाण्यात आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं. हा विचार त्यांच्या मनात आलाच नव्हता. रात्रभर ते स्वतःला खुनी समजत होते. झालं ते झालं, आता निदान आपलं घर वाचवावं, एवढाच हिशेब त्यांनी मांडला होता.

"जिवंत असन का साहेब?"

"मला माहीत नाही. ऊन चढतं आहे, एवढं माहीत आहे."

त्यानंतर त्यांना थांबवावं लागलं नाही. डांबरी रस्त्यावर काम चालू होतं, ट्रक अडकले होते, म्हणून ते आतल्या रस्त्यानं वळले. मावळतीचा सूर्य थेट काचेवर. पुढे स्कूटी होती, ती दिसलीच उशिरा. उजवीकडून काढायला गेले आणि डावा कोपरा लागला. आवाज झाला आणि आरशात पाहिलं तर रस्ता रिकामा. ती गाडीसकट कुठे गेली ते कळलंच नाही. थांबले, पण उतरायला पाय तयार झाले नाहीत. आजूबाजूला जंगल, कुणी नाही. मग गाडी सुरू केली. जागा त्यांना पक्की आठवत होती. वनखात्याचा पिवळा फलक आणि त्यापुढच्या वळणावर नाल्यावरून रस्ता नेणारी मोरी.

आता ठिकाण कळलं होतं, पण मनात दुसरी धाकधूक होती. अनोळखी माणूस सकाळी ठाण्यात येतो, खोटं बोलतो, आणि मग पोलिसांना जंगलातल्या एका नेमक्या मोरीकडे न्यायला बघतो. मोरी म्हटली की आम्ही आधी थांबत असू, कारण नक्षलवाद्यांचे सुरुंग तिथेच पेरलेले असत. मी वरिष्ठांशी फोनवर बोललो, मग पथक मोटारसायकलींवर काढलं, अंतर ठेवून. तो माणूस एका जवानाच्या मागे बसला. रुग्णवाहिकेला फाट्यावर थांबायला सांगितलं. फलक दिसल्यावर सगळे उतरलो आणि पुढचं अंतर कडेनं पायी गेलो. दोन जवान मोरी तपासत होते तेव्हा आम्ही झाडांआड उभे होतो. पळसाची पानं सोडली तर कसला आवाज नव्हता. मला घाई करायची होती आणि घाई करता येत नव्हती. नोकरीत याहून मोठी शिक्षा नाही.

तारा नाहीत, माती उकरलेली नाही, असा इशारा आला. आम्ही कडेला गेलो. कठड्याच्या दगडावर हिरवट रेघ होती. खाली कुड्याच्या झुडपांत स्कूटी उलटी पडली होती. रस्त्यावरून ती दिसणं शक्यच नव्हतं. स्कूटीजवळ कुणी नव्हतं.

गाडीवाला कठड्याशीच खाली बसला.

नाल्याच्या कोरड्या वाळूत काहीतरी फरफटत गेल्याची खूण होती आणि ती मोरीच्या आत, सावलीत जात होती. आतून हालचाल ऐकू आली. पुढच्या जवानानं हात वर करून सगळ्यांना थांबवलं. उन्हाळ्यात अस्वलं अशा गार जागी येऊन बसतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आत अंधार होता. मी हाक मारली, "ताई!" उत्तर आलं नाही. पुन्हा हाक मारली. मग आतून ठक ठक असा आवाज आला. प्लास्टिकवर बोटांनी वाजवल्यासारखा.

ती भिंतीला टेकून बसली होती. डावा पाय गुडघ्याखाली मोडला होता आणि तिनं स्वतःच दोन फांद्या लावून, ओढणी फाडून तो बांधला होता. आवाज बसला होता, म्हणून ती लसीच्या डब्यावर वाजवत होती. त्या डब्यात लसी गार ठेवायला बर्फाच्या पाण्याच्या चपट्या पिशव्या असतात. एकेक फोडून तिनं रात्र आणि सकाळ काढली होती. शेवटची संपलेली होती. जवानानं बाटली तोंडाला लावली तर तिनं त्याचा हात धरला आणि बसक्या आवाजात सांगितलं.

"घोटभरच द्या सर. एकदम देसान तं उलटी होईन."

आमच्या त्या जवानाला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हा पाहिलं.

तिला झोळीत वर आणलं. कठड्याशी बसलेल्या माणसाकडे तिचं लक्ष गेलं. वर्दी नसलेला तो एकटाच. कोण हे, असं तिनं विचारलं. मी उत्तर देण्याआधी तोच उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मीच होतो बाई." ती त्याच्याकडे बघत राहिली. झोळी पुढे गेली.

गुन्हा रीतसर नोंदवला. गाडी जप्त झाली, मोटार वाहन निरीक्षकांनी तपासून खाच आणि गार्डची नळी जुळत असल्याचा अहवाल दिला. डुकराच्या नावानं मागितलेला दावा अर्थात गेला. पण एक गोष्ट मी त्या माणसाला नंतर समजावून सांगितली आणि वाचणाऱ्यांनाही सांगतो. गाडीचा विमा काढताना आपण आपल्या पत्र्याचा विचार करतो. त्याच विम्यात दुसऱ्याचा भागही असतो. आपल्या गाडीनं कुणाला लागलं तर त्याची भरपाई त्यातून मिळते आणि तो भाग कायद्यानं सक्तीचा आहे. त्या नर्सच्या उपचारांची सोय त्याच्या गाडीच्या कागदांत आधीपासूनच होती. पुढे मोटार अपघात न्यायाधिकरणातून तिला ती मिळालीही. तो थांबला असता, मदत मागितली असती, तर बुडण्यासारखं फार थोडं होतं. त्याला हे ठाऊक नव्हतं. त्याला फक्त भीती ठाऊक होती.

तो माणूस वाईट होता असं मी आजही म्हणत नाही. न्यायालयात त्यानं गुन्हा कबूल केला, शिक्षा भोगली. निर्ढावलेले गुन्हेगार माझ्या वाट्याला थोडे आले. भ्यालेली माणसं फार आली. भ्यालेला माणूस काय करेल, याचा अंदाज त्याला स्वतःलाही नसतो. म्हणून समोरचा खोटं बोलतोय हे कळलं तरी मी त्याचा राग करायचं सोडून दिलं. कशाला भितोय, हे आधी शोधायचं. तपासाची दिशा बहुतेक वेळा तिथेच मिळते.

ती नर्स आता थोडी लंगडत चालते, पण लसीकरणाला तीच जाते. दवाखान्यात मी तिचा जबाब घेतला तेव्हा सासू उशाशी बसून तिला चमच्यानं पेज भरवत होती. रात्री वरून दोन-तीन गाड्या गेल्या, हाका मारल्या, कुणाला ऐकू गेलं नाही, असं तिनं सांगितलं. सगळं सांगून झाल्यावर, आणखी काही सांगायचं आहे का, असं मी रिवाजाप्रमाणे विचारलं. तिनं पेजेचा चमचा हातानं बाजूला केला.

"त्यानं गाडी थांबवली होती सर. मले इंजिनचा आवाज येऊन राह्यला होता. मी खाली पडून होती अन तो वर उभा होता. नुसतं वाकून इचारलं असतं, बाई, हाय का तू, तं मी हाय म्हटलं असतं."

जबाब नेहमी प्रमाण मराठीत उतरवून घ्यायची आमच्याकडे पद्धत आहे. हे वाक्य मी तिच्याच शब्दांत लिहिलं, आणि न्यायालयात ते तसंच वाचलं गेलं.